उंदरातला एसआरएफ काढायचाय: क्री मायएच११ घ्यावा की आयटीजीए८?

एसआरएफ हे स्नायूंची जनुकं चालू ठेवणारं जनुक. क्री म्हणजे ठरावीक पेशींतलं जनुक कापून काढणारं एन्झाइम; ते कुठल्या पेशींत बनेल हे मायएच११ किंवा आयटीजीए८ या जनुकावरून ठरतं. दोन्ही क्री टॅमॉक्सिफेन हे औषध दिल्यावरच चालू होतात. रूढ डोस: तेलात विरघळवून रोज १ मिलिग्रॅम, पोटात इंजेक्शन, सलग ५ दिवस. कंट्रोल गटालाही द्या.

खरा फरक आतड्यात. मायएच११ रक्तवाहिन्यांसोबत आतड्याच्या स्मूथ मसलमधूनही (आपोआप आकुंचन पावणारे स्नायू) एसआरएफ उडवतो. आतडं फुगतं, आकुंचन थांबतं नि धमन्या तपासायच्या आतच उंदीर दगावतो. आयटीजीए८ आतड्याला फारसा हात लावत नाही, उंदीर जगतो.

मायएच११ची प्रचलित जात वाय गुणसूत्रावर, म्हणजे माद्या बादच (पिंजऱ्यांचा खर्च मात्र पूर्ण). आयटीजीए८ दोघांत चालतो, पण जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकाच प्रतीत ठेवा, कारण क्री आयटीजीए८ जनुकातच बसवलेला असतो. हे जनुक पूर्ण गेलं तर मूत्रपिंड नीट बनत नाही.

धमन्यांचं काम किंवा माद्या हव्या असतील तर आयटीजीए८. आतडंच अभ्यासायचं असेल तर मायएच११.