फ्रिडा, आठ महिने वापरून: टूल झकास, पण ती एक संध्याकाळ विसरणार नाही

फ्रिडा म्हणजे चालू ॲपच्या आत आपलं जावास्क्रिप्ट घुसवून ते आतून बघायचं, बदलायचं टूल; हे वाचताय म्हणजे माहितीच असणार. मी आमच्याच ॲपच्या टेस्टिंगसाठी आठ महिने वापरतोय, ड्रॉवरमधे पडलेला जुना फोन रूट करून (म्हणजे त्याचे सगळे अधिकार हातात घेऊन), एक पैसा न घालता. त्यामुळे तक्रार करायचा मला हक्क नाही हे मान्य. तरी करणार.

झालं असं की मीच शहाणपणा करून पिपने (पायथॉनची पॅकेजं टाकायचं टूल) अपग्रेड मारला, फ्रिडा १६ वरून १७ वर. फोनवर चालणारा फ्रिडाचा सर्व्हरही १७ चाच टाकला, कारण मेजर व्हर्जन जुळलं नाही की कनेक्टच होत नाही हा धडा पहिल्याच आठवड्यात मिळालेला. माझी जेएस (जावास्क्रिप्ट) फाइल लोड करणारी पायथॉन स्क्रिप्ट चालवली तर 'जावा इज नॉट डिफाइंड'. अरे, कालपर्यंत होतं की! आणि गंमत म्हणजे तीच जेएस फाइल कमांड लाइनवरून लोड केली तर मस्त चालते, लॉगिनच्या फंक्शनला हुक बसतो (मधे आपला कोड घुसतो), लॉगिनचं टोकन समोर छापून येतं. पायथॉनमधून परत तेच रडगाणं. फोन रिस्टार्ट केला, सर्व्हर परत टाकला, रूटवर संशय घेतला, संध्याकाळ गेली.

कारण असं निघालं की मे २०२५ मधे १७ आलं तेव्हा जावा, ऑब्जेक्टिव्ह-सी आणि स्विफ्टचे ब्रिज (त्या भाषांतल्या कोडपर्यंत पोचवणारे दुवे) मूळ रनटाइममधून काढले. आरईपीएल (फ्रिडाचं कमांड लाइन टूल) आणि फ्रिडा-ट्रेसमधे (फंक्शन कॉल टिपणारं टूल) ते सोबत येतात म्हणून तिथे चालतं. स्वतःचं टूल असेल तर एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजं मिळतात तिथून) ब्रिज आणा, फ्रिडा-कंपाइलने आपल्या कोडसोबत एका फाइलमधे बंडल करा, मग लोड करा. चार ओळींच्या हुकसाठी नोड मॉड्यूल्सचं, म्हणजे त्या पॅकेजांच्या फोल्डरचं, ते धूड! रिलीज नोट्समधे सगळं लिहिलेलं होतं म्हणा, वाचतो कोण.

एडिट, दोन आठवड्यांनी: राग ओसरलाय. बंडल करायचंच आहे तर टाइपस्क्रिप्टमधे (चुका आधीच तपासणारं जावास्क्रिप्ट) लिहायला लागलो, नाव चुकलं की एडिटरच लाल रेघ मारतो, आधी हे फोनवर क्रॅश झाल्यावर कळायचं. ब्रिज वेगळा असल्यामुळे त्यातलं फिक्स हवं असेल तर अख्खं फ्रिडा बदलावं लागत नाही. आणि "रूटेड फोनवर आपलं ॲप उघडतच नाही" म्हणणाऱ्या आमच्या डेव्हलपरला ते उघडून दाखवलं, रूट चेकचं फंक्शन फक्त फॉल्स परत करायला लावलं, झालं. त्याचं तोंड बघायला हवं होतं.

जुन्या प्रोजेक्टांना मात्र हात लावलेला नाही, त्यांचं वेगळं व्हीएन्व्ह (पायथॉन पॅकेजांची स्वतंत्र जागा), फ्रिडा १६ वरच पिन केलेलं. फोनवर दोन सर्व्हर आहेत, नावातच व्हर्जन टाकून. काल तरी चुकीचाच चालू केला.