‘लाइव्ह सिंक’च्या नावाखाली वकिलाच्या ऑफिसला ६४,७३० रुपयांचा चुना

आधी आकडे सांगतो, कारण जो तो पहिल्यांदा तेच विचारतो. आमच्या वकिलीच्या ऑफिसला केसच्या डायरीचं एक सॉफ्टवेअर विकलं गेलं; ‘लाइव्ह सिंक’ म्हणजे एका मशीनवर केलेली नोंद बाकी सगळ्यांवर आपोआप दिसणार, असं सांगून. त्याचं पाच युजरचं ‘लाइफटाइम’ लायसन्स ३२,००० रुपये. जुना डेटा भरून देण्याचे ६,५००. दोन्हीवर १८ टक्के जीएसटी ६,९३०. झाले ४५,४३०. पुढे ‘सर्व्हर मायग्रेशन’च्या नावाने जीएसटीसह ११,८००, आणि त्यानंतर पाच डिव्हाइस ‘ॲक्टिव्हेट’ करायचे प्रत्येकी १,५०० प्रमाणे ७,५००. एकूण ६४,७३०. विस्कटलेला डेटा जुळवून देणाऱ्या माणसाचे ९,००० यात धरलेले नाहीत. एवढ्या पैशांत ऑफिसच्या पदरात पडला तो कोणालाही फुकट मिळतो तसा क्लाउड ड्राइव्हवरचा एक शेअर्ड फोल्डर. तोही विकणाऱ्याच्या स्वतःच्या ई-मेलवर उघडलेला.

अशा विक्रीची रीत सगळ्यांना माहीत आहे: आज पैसे भरले तर सूट, शेजारच्या इमारतीतल्या वकीलसाहेबांनी कालच घेतलं, वगैरे. ते उगाळत बसत नाही. पण ‘वकील असून फसलात?’ असं हसत विचारणाऱ्यांना एवढंच सांगायचंय की गरज खोटी नव्हती. ज्युनिअर सकाळी कोर्टात तारीख मोबाईलवर टिपतो, संध्याकाळी क्लार्क ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या दिवसाचा बोर्ड (त्या दिवशीच्या केसेसची यादी) काढतो, आणि सिनिअर तिसऱ्याच गावच्या कोर्टातून फाइल मागतात. या तिघांना एकच डायरी दिसली पाहिजे, ही मागणी अवाजवी कशी? आणि वकिलाला पुरावा तपासता येतो तो साक्षीदाराचा. कॉम्प्युटरच्या पोटात काय चाललंय, हे तपासायला त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

तरीही डेमोतली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. लॅपटॉपवर केस नंबर टाकला की समोरच्या मोबाईलवर तो त्याच क्षणी उमटत होता, अक्षरामागून अक्षर. अशा डायरीच्या खऱ्या सिंकमध्ये सहसा असं होत नाही. तिथे ‘सेव्ह’ दाबल्यावर सबंध नोंद एकदम जाते. त्याहून वाईट म्हणजे मोबाईलच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात माऊसचा छोटा पांढरा बाण दिसत होता. मोबाईलच्या ॲपमध्ये माऊसचा बाण कुठून येणार? तो मोबाईल रिमोट सॉफ्टवेअरमधून लॅपटॉपचाच पडदा दाखवत होता, बाकी काही नाही. ‘हा बाण कसला?’ असं विचारलंही होतं. ‘डेमो मोड आहे सर’ असं विकणारा म्हणाला. त्या उत्तरावर खुर्चीतून उठून त्याला दार दाखवायला हवं होतं.

डेमो बघताना लॅपटॉप बंद करायला सांगा. पूर्ण शटडाउन. त्यानंतरही मोबाईलवर केस उघडली आणि नवी नोंद घेता आली, तरच पुढे बोला. इन्स्टॉल झाल्यावर आमच्याकडे ऑफिसचा कॉम्प्युटर बंद झाला की सगळ्यांचे मोबाईल आंधळे होत. यावर त्याचं स्पष्टीकरण होतं, ‘सर्व्हर स्लीपमध्ये जातो.’ रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवायचा सल्लाही त्यानेच दिला.

दुसरी खूण पैसे भरताना दिसते. यूपीआयवर रक्कम टाकण्याआधी बँकेत नोंदलेलं नाव येतं. बिलावर फर्म आणि पडद्यावर कुणा व्यक्तीचं नाव असेल तर हात मागे घ्या. बिलावरचा १५ अक्षरी जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो: महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने, पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि स्थिती ‘ॲक्टिव्ह’ हवी. आमच्या बिलावरचा क्रमांक केव्हाच रद्द झालेला होता. म्हणजे ते ६,९३० रुपये सरकारकडे गेलेच नाहीत. आणि ‘लाइफटाइम’ या शब्दालाच दचकायला हवं. सर्व्हरचं भाडं दर महिन्याला भरावं लागतं, तो एकदाच पैसे घेऊन जन्मभर कोण चालवेल?

आता त्याने बसवलं होतं काय ते सांगतो, कारण याच पद्धतीचा माल चांगलं नाव लावूनही विकला जातो.

सॉफ्टवेअर मुळात एकाच कॉम्प्युटरसाठी बनवलेलं. त्याची एसक्यूलाइट डेटाबेस फाइल (सगळ्या नोंदी एकाच फाइलमध्ये ठेवणारा छोटा डेटाबेस) उचलून शेअर्ड फोल्डरमध्ये टाकली आणि तो फोल्डर सगळ्या मशीनवर जोडला. क्लाउड ड्राइव्ह फाइल ओळखतो, आतल्या नोंदी ओळखत नाही. क्लार्कने फीची पावती टाकली आणि त्याच वेळी ज्युनिअरने वेगळ्याच केसची तारीख बदलली, तरी ड्राइव्हच्या दृष्टीने एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या झाल्या. एक राहते. दुसरी एकतर पुसली जाते, नाहीतर नावापुढे कॉम्प्युटरचं नाव किंवा तारीख लागून ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ म्हणून बाजूला पडते. तुमच्या फोल्डरमध्ये अशी एक जरी फाइल दिसली तरी त्या दिवशी कुणाचं तरी काम गेलं आहे असं धरून चला. आमच्याकडे अशा फाइलींचा ढीग होता आणि फोल्डर ‘हिडन’ करून ठेवलेला होता.

त्यातही एक बारीक भानगड आहे. एसक्यूलाइट ताज्या नोंदी बऱ्याचदा मुख्य फाइलमध्ये लगेच लिहीत नाही; शेजारी डब्ल्यूएएल नावाची फाइल असते, तिच्यात त्या आधी जातात. ड्राइव्हने मुख्य फाइल आधी चढवली आणि डब्ल्यूएएल मागे राहिली, की दुसऱ्या मशीनवर शेवटच्या नोंदी गायब, आणि नशीब वाईट असेल तर डेटाबेसच खराब. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या फाइलीचंही तसंच. तिचं कुलूप म्हणजे वेगळी छोटी लॉक फाइल. ती ड्राइव्हवरून उशिरा पोचते आणि तोवर दोघांनाही दार उघडं मिळतं. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर हे कसंबसं चालतं, क्लाउड ड्राइव्हवर चालत नाही. तेव्हा विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: डेटा सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये नोंदीनोंदीने जातो, की सबंध फाइल कॉपी होते? तो गडबडला की समजून घ्या.

तारखांचा घोळ तर वकिलाच्या मुळावर येणारा. सुनावणीला फक्त तारीख असते, वेळ नसते. पण या सॉफ्टवेअरने ती ‘तारीख अधिक रात्रीचे १२’ अशी साठवली, तीही यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून १४ तारखेचे ००:०० म्हणजे यूटीसीत १३ तारखेचे १८:३०. मोबाईलच्या कॅलेंडरला पाठवताना वेळ छाटली गेली आणि उरली १३. एक दिवस आधी जाऊन हात हलवत परत येणं परवडलं. पण ज्युनिअर ती हाताने ‘दुरुस्त’ करतो, पडद्यावर १४ दिसेपर्यंत पुढे ढकलतो, आणि मूळ नोंदीत १५ होऊन बसते. मग क्लार्कच्या बोर्डावर १५, आणि कोर्टात १४ ला पुकारा होऊन दावा गैरहजेरीत निकाली. तो पुन्हा फाइलवर घ्यायला दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ९ नियम ९ आहे. मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद १२२ प्रमाणे मुदत ३० दिवस. पक्षकाराला यूटीसी समजावून सांगून बघा एकदा. विकत घेण्याआधी चाचणी सोपी आहे: एक तारीख टाका, मोबाईलचा टाइम झोन लंडनचा करा, तारीख हलली तर सॉफ्टवेअर परत करा.

पाच युजरचे पैसे घेतले, पण लॉगिन एकच दिलं आणि पासवर्ड सगळ्यांना सारखा. त्यामुळे कोणी काय बदललं याचा माग शून्य. ज्युनिअर ऑफिस सोडून गेला तरी त्याच्या मोबाईलवर पक्षकारांची नावं-नंबर तसेच. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन, दोन टप्प्यांची पडताळणी आणि हरवलेला मोबाईल दुसरीकडून साइन-आउट करायची सोय नसेल तर ते वकिलाच्या कामाचं नाही. पक्षकाराशी झालेला व्यवहार गुप्त ठेवायची जबाबदारी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ प्रमाणे वकिलाची आहे, सॉफ्टवेअरवाल्याची नाही.

शेवटचा डाव असा. वार्षिक देखभालीच्या नव्या मागणीला नकार दिला आणि त्याने फोल्डरचं शेअरिंग काढून घेतलं. मालकाने शेअरिंग काढलं की तुमच्या मशीनवर उतरलेली प्रतही सहसा सिंक होऊन नाहीशी होते. नेमकं इथेच लोक गाफील राहतात: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी खोडलं की सगळीकडे खोडलं जातं, तेही त्याच इमानदारीने. त्यानंतर ‘डेटा रिलीज’चे २५,००० मागितले. ते दिले नाहीत.

थोडाफार डेटा वाचला तो एका बंद पडून असलेल्या लॅपटॉपमुळे. असा लॅपटॉप तुमच्याकडे असेल तर तो चालू करण्याआधी राउटर बंद करा, फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा, मगच इंटरनेट जोडा. चुकून आधी जोडलं तर तीही प्रत जाईल. कोर्टांचे केस नंबर आणि पुढच्या तारखा ईकोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी संकेतस्थळावरून परत बांधता येतात: १६ अक्षरी सीएनआर (प्रत्येक केसचा स्वतंत्र क्रमांक) असेल तर उत्तम, नाहीतर वकिलाच्या नावाने शोध. ईकोर्ट्स ॲपमधल्या ‘माय केसेस’ची यादी एक्सपोर्ट करून ठेवता येते, आजच करून ठेवा. पण फीचा हिशेब, पक्षकारांचे नंबर, मसुदे, कोणता दाखला कोणाकडून यायचाय याच्या टिपा आणि तहसीलदार-प्रांतांपुढच्या तारखा तिथे कुठून मिळणार?

आता तक्रारीचं. १९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे तो पैसे नुकतेच गेले असताना ते पुढच्या खात्यात अडवण्यासाठी. इथे पैसे बिल घेऊन, टप्प्याटप्प्याने, आपल्याच हाताने दिलेले. राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदली की पोचक्रमांक मिळतो आणि ती स्थानिक ठाण्याकडे येते. त्या ठाण्यातलं पहिलं वाक्य: ‘हा तर दिवाणी वाद आहे.’ वकिलाला! भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) वाचून दाखवलं, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६ दाखवलं, त्यात अधिकृत माणसाचा प्रवेश अडवणंही येतं हे दाखवलं. त्यावर उत्तर, ‘अकाउंट त्याचं, फोल्डर त्याचा, मग तुमचा प्रवेश कसला?’ म्हणजे ज्या गोष्टीने फसवलं तीच त्याचा बचाव! मग म्हणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास पोलीस निरीक्षकानेच करायचा आणि साहेब बंदोबस्तात आहेत. साहेब आले तेव्हा लेखनिक नव्हता. लेखनिक आला तेव्हा म्हणाला, स्क्रीनशॉटचे प्रिंट आणा, रंगीत. रंगीत प्रिंट नेले तर पेन ड्राइव्ह मागितला, आणि पेन ड्राइव्ह नेला तर ‘व्हायरस असेल’ म्हणून कोणी कॉम्प्युटरला लावेना. ज्या ठाण्याच्या दारावर सायबर जनजागृतीचा फलक आहे तिथली ही गोष्ट. रोज दुसऱ्यांच्या फिर्यादी लिहून देणाऱ्यांची ही अवस्था, तर साध्या माणसाने कुठे जायचं? रागाने हात थरथरतात, पण तिथे आवाज चढवून उपयोग नसतो. सरकारी नोकराला कामात अडवल्याच्या कलम ३५३ ची वाट बघतच असतात, आता न्याय संहितेत ते १३२ झालंय एवढाच फरक.

ठाण्याने नोंद घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, पोच जपा, आणि तरीही हालचाल नसेल तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. ग्राहक आयोगात ‘व्यावसायिक हेतूने खरेदी’ हा आक्षेप पहिल्याच तारखेला येणार. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलं असेल तर २०१९ च्या कायद्यातलं कलम २(७) चं स्पष्टीकरण उपयोगी पडतं, म्हणून ते तक्रारीतच मांडा. नुकसानभरपाईसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खालचा न्यायनिर्णय अधिकारी आहे, पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांसाठी. हा रस्ता वकिलांच्याही चटकन लक्षात येत नाही.

पुरावा मात्र स्वतःच जपायचा. कॉन्फ्लिक्टेड कॉपी उघडून बघण्याचा मोह आवरा; उघडली की फाइल बदलू शकते. आधी प्रत काढा, विंडोजमधल्या सर्टयुटिल या आज्ञेने मूळ फाइलची एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, जणू बोटाच्या ठशासारखा कोड) काढा आणि लिहून ठेवा. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) च्या प्रमाणपत्रात ती हॅश द्यावी लागते, भाग ‘अ’ आपण भरायचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने.

नवीन सॉफ्टवेअर घेणार असाल तर पैसे देण्याआधी दोन मोबाईल विमान मोडवर टाका, दोन्हीवर एकाच केसची नोंद वेगवेगळी बदला, मग नेट चालू करा. चांगलं सॉफ्टवेअर विचारतं की यातली कोणती ठेवू, निदान दोन्हींचा इतिहास तरी दाखवतं. वाईट एक गुपचूप गिळतं. एक नोंद खोडूनही बघा. सकाळपर्यंत ती पुन्हा जिवंत झाली तर खोडल्याची खूण दुसऱ्या डिव्हाइसपर्यंत पोचतच नाही. पीडीएफ वेगळ्या तपासा, कारण नाव आधी उतरतं आणि आतलं पान नंतर. नावापुढे नुसतं ढगाचं चिन्ह असेल तर नेटवर्क नसलेल्या कोर्टरूममध्ये ती उघडणार नाही, आदल्या रात्रीच ‘ऑफलाइन ठेवा’ करून घ्या. सगळा डेटा सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) काढायचं बटण कुठे आहे ते डेमोतच दाबून घ्या. क्लाउडचं खातं तुमच्या ई-मेलवर, रिकव्हरीचा नंबरही तुमचाच. आणि आठवड्यातून एकदा सिंकच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत घेऊन डिस्क काढून कपाटात ठेवा; तिच्यातून एखादी फाइल परत उघडते का, तेही अधूनमधून बघा.