दिवाळी ते पोळा : विकत घेतलेल्या डीटीपी पॅकेजचा वापरानंतरचा अनुभव

घाटंजी तालुक्यातील एका बाजाराच्या गावात माझे आणि माझ्या दिरांचे झेरॉक्स, टायपिंग व पत्रिका छपाईचे दुकान आहे. मागच्या दिवाळीत आम्ही एक मराठी डीटीपी पॅकेज, म्हणजे संगणकावर पाने मांडून छपाईसाठी तयार करण्याचे साहित्य, रीतसर पावती घेऊन विकत घेतले. फॉन्टांचा संच, कळफलकाचे निरनिराळे आराखडे, पत्रिकांचे तयार नमुने आणि पान मांडण्याचा प्रोग्रॅम असे सगळे त्यात एकत्र मिळते. किंमत चार-पाच क्विंटल सोयाबीनच्या भावाएवढी पडली, परवाना एका संगणकापुरता आणि कागदावर तरी कायमचा आहे. परवा पोळा झाला, म्हणजे लग्नसराई, शाळा उघडण्याची गर्दी आणि पीकविम्याच्या अर्जांचे दिवस अशा सर्व हंगामांत ते वापरून झाले आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण चोरून वापर होऊ नये म्हणून परवान्याला घातलेले कुलूप केवळ याच पॅकेजला नाही आणि मला जे सांगायचे आहे ते त्या कुलपाविषयी आहे.

प्रोग्रॅम म्हणून पॅकेज चांगले आहे, हे आधी नोंदवते. जोडाक्षरे फुटत नाहीत, ‘दुसऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतला र नीट बसतो, चार जीबी रॅमच्या जुन्या संगणकावरही पान सरकवताना अडखळत नाही. ग्रामपंचायतीकडे आणि शाळांकडे युनिकोडच्या (कोणत्याही संगणकावर मराठी सारखीच वाचता येणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या नोटिसा आणि दाखल्यांचे नमुने ढिगाने पडलेले असतात. ते युनिकोडमध्ये बदलून देणारी सोय या पॅकेजात आहे आणि एकट्या त्या सोयीने आमची बरीच मेहनत वाचवली. छापखान्याला लागणारी पीडीएफ फाइल रंगांसह बरोबर निघते. नमुन्यांतली गणपतीची चित्रे मात्र सगळीकडे तीच तीच आहेत. ते असो.

त्रास सुरू होतो तो ॲक्टिव्हेशनपासून, म्हणजे परवाना चालू करून घेण्यापासून. पॅकेज बसवताना पंचवीस अक्षरी ‘की’, म्हणजे परवान्याचा सांकेतिक क्रमांक, टाकावी लागते. त्यानंतर प्रोग्रॅम संगणकातील काही भागांचे क्रमांक वाचतो, त्यांतून एक सांकेतिक ओळख तयार करतो आणि ती कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवून परवाना त्या ओळखीला बांधून टाकतो. पुढे दर महिन्याला ही ओळख पुन्हा तपासली जाते. तपासणी झाली नाही तर पंधरा दिवसांची सवलत मिळते आणि तीही संपली की प्रोग्रॅम उघडतच नाही. शहरातल्या एखाद्या कार्यालयात, जिथे संगणक एका टेबलावर वर्षानुवर्षे असतो आणि भिंतीतून इंटरनेटची तार येते, तिथे ही सगळी व्यवस्था कोणाच्या लक्षातही येणार नाही. आमच्याकडे संगणकाचे भाग बदलत राहतात, इंटरनेट मोबाइलवरून घ्यावे लागते आणि पावसाळ्यात वीज रात्र रात्र नसते. या तिन्ही गोष्टी त्या प्रोग्रॅमला चोरीच्या खुणा वाटतात.

मोबाइलचेच पाहा. दुकानात टॉवरची रेंज जेमतेम असल्यामुळे आम्ही फोन केबलने जोडून संगणकाला इंटरनेट देतो. असा फोन जोडला की विंडोजला ते एक नवे नेटवर्क कार्ड दिसते, आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनांत त्या कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, प्रत्येक जोडणीला नवा तयार होतो. आमच्या पॅकेजची ओळख ज्या भागांवरून बनते त्यांत चालू नेटवर्क कार्डही धरलेले आहे. त्यामुळे ज्या इंटरनेटवरून परवाना तपासून घ्यायचा, ते जोडताच संगणक परका ठरतो आणि पडद्यावर ‘हा परवाना दुसऱ्या यंत्रावर वापरात आहे’ अशी पाटी येते. हे कोडे दिरांनी उलगडले. त्यांनी संगणकाच्या मूळ लॅन कार्डाला एक जुना राउटर जोडला, तो राउटर फोनच्या हॉटस्पॉटवरून इंटरनेट घेईल अशी मांडणी केली आणि तेव्हापासून ती पाटी थांबली. कंपनीच्या मदतपुस्तिकेत याविषयी एक ओळही नाही.

घड्याळाचा प्रकार याहून विचित्र आहे. मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य पट्टीवर, सीआर २०३२ या जातीचा, रुपयाच्या नाण्यासारखा दिसणारा तीन व्होल्टचा सेल असतो. वीज नसताना संगणकाची तारीख आणि वेळ तोच सांभाळतो. तो उतरला की वीजपुरवठा तुटल्यावर संगणक तारीख विसरतो आणि पुन्हा सुरू होताना कित्येक वर्षे मागच्या एखाद्या तारखेवर उभा राहतो. चाचणीपुरत्या प्रती वापरणारे लोक मुदत लांबवण्यासाठी तारीख मागे नेतात, म्हणून अशा प्रोग्रॅमांत मागे गेलेले घड्याळ ओळखण्याची सोय केलेली असते. ती सोय आमच्यावर उलटली. मे महिन्याच्या वादळी पावसात वीज गेली, सकाळी आली तेव्हा संगणक जुन्या सालात पोहोचलेला होता, आणि पॅकेजने ‘प्रणालीच्या वेळेत फेरफार’ झाल्याचे सांगून परवाना गोठवला. तारीख दुरुस्त केली तरी तो सुटला नाही, कारण एकदा नोंदवलेला फेरफार फक्त कंपनीच पुसू शकते. तारीख चुकलेली असताना सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत त्या तारखेशी जुळत नाही. म्हणजे तक्रार करण्याचा मार्गही त्याच सेलवर अवलंबून असतो. दुकानात पत्रिका घ्यायला आलेल्या एका काकांनी विचारले, ‘ताई, तुमीनं तं पैसे देऊन घेतलं होतं ना, मंग ते बंद कायले पडलं?’ माझ्याकडे देण्यासारखे उत्तर नव्हते.

कंपनीची मदतवाहिनी सकाळी दहा ते सायंकाळी सहा चालते आणि रविवारी बंद असते. आमच्याकडे आठवडी बाजार रविवारीच भरतो. मराठीच्या पॅकेजसाठी मराठीत बोलणारा माणूस तिथे भेटला नाही, हिंदीत काम निभावले. पावतीचा फोटो, कीचा फोटो, यंत्राचा सांकेतिक क्रमांक आणि ‘संगणकात कोणताही गैरप्रकार केलेला नाही’ असे लिहून दिलेले निवेदन एवढे सगळे ईमेलने मागितले जाते. बोलणारी मुले सौजन्याने बोलतात, ही गोष्ट खरी आहे. त्यांच्या हातात फारसे काही नसते, हेही दिसते. वर्षातून दोनदा परवाना मोकळा करून मिळतो, तिसऱ्या वेळी शुल्क लागेल असे त्यांनी सांगितले.

दुसरी वेळ जूनमध्ये आली. गावाबाहेरच्या डीपीजवळ वीज कोसळली आणि त्या झटक्यात दुकानाचा मदरबोर्ड गेला. यवतमाळहून दुसरा आणून बसवला, जुनी हार्ड डिस्क जशीच्या तशी जोडली, सर्व फाइली शाबूत होत्या. विंडोज आमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी आधीच जोडलेले असल्यामुळे, यंत्राचे भाग बदलल्याचे सांगण्याची जी सोय त्यात आहे तिच्या आधारे ते बऱ्यापैकी लवकर मार्गी लागले. पॅकेजने मात्र हे यंत्र आपले नाही असे ठरवले आणि पंधरा दिवसांची सवलतही दिली नाही, कारण ती फक्त ओळख न बदललेल्या यंत्राला मिळते. त्याच संध्याकाळी शेजारच्या गावचे एक कुटुंब तेरवीची पत्रिका घेऊन आले. लग्नाची पत्रिका दोन दिवस उशिरा दिली तर माणसे रागावतात. तेरवीची तिथी कोणासाठी थांबत नाही. पत्रिकेचा मजकूर आमच्या जुन्या नमुन्यात तयार होता, नावे आणि तारखा तेवढ्या बदलायच्या होत्या, पण त्या फाइली पॅकेजच्या स्वतःच्या स्वरूपात साठवलेल्या असल्यामुळे परवान्याशिवाय उघडेनात. शेवटी दिरांच्या जुन्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिस या मोफत प्रोग्रॅममध्ये मुक्ता हा मोफत फॉन्ट लावून मी ती पुन्हा टाइप केली आणि रात्रीतून छापून दिली.

या ठिकाणी माझी तक्रार सर्वांत ठाम आहे. परवान्याविषयी शंका आली तर नवे काम थांबवावे, छापील पानावर कंपनीचे नाव उमटवावे, वाटल्यास रोज आठवण करून द्यावी. पण ग्राहकाने स्वतः टाइप केलेला मजकूर त्याला वाचूही न देणे हे चोरी रोखण्याच्या कोणत्याही गरजेत बसत नाही. मोठ्या कंपन्यांनाही हे ठेच लागूनच कळले. २००१ साली विंडोज एक्सपीसोबत घरगुती संगणकांवर सक्तीचे ॲक्टिव्हेशन आले तेव्हा ते दहा भागांवरून यंत्र ओळखत असे, पण एखाददुसरा भाग बदलला तरी चालवून घेत असे, आणि इंटरनेट नसेल तर पन्नास आकडी क्रमांक फोनवर वाचून दाखवून काम होत असे. व्हिस्टा या त्यानंतरच्या विंडोजमध्ये जाच वाढला : ॲक्टिव्हेशन न झालेला संगणक तासाभराने वापरकर्त्याला बाहेर काढत असे. ऑगस्ट २००७ मध्ये तपासणीच्या सर्व्हरमध्येच बिघाड झाला आणि रीतसर विकत घेतलेल्या हजारो प्रती खोट्या ठरल्या. २००८ च्या सर्व्हिस पॅक १ या सुधारणांच्या संचामध्ये तो तासाभराचा प्रकार काढून त्याजागी नुसत्या सूचना ठेवण्यात आल्या. आजही ॲक्टिव्हेशन नसलेल्या विंडोजमध्ये पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ दिसत राहते आणि पार्श्वभूमीचे चित्र बदलण्यासारख्या सोयी बंद असतात, पण फाइली उघडतात. जगभर पसरलेला प्रोग्रॅम एवढी सवलत देऊ शकतो, तर पत्रिका छापणाऱ्या पॅकेजला ती देणे जड का जावे, हे मला समजत नाही.

आमच्या बाजारपेठेत आणखी एका दुकानात हेच पॅकेज क्रॅक टाकून, म्हणजे कुलूप तोडणारी फाइल वापरून, चालते. तिथे की नाही, मासिक तपासणी नाही, मदरबोर्ड बदलला तरी कोणी विचारत नाही. क्रॅक करणाऱ्याने तपासणीचा भागच कापून टाकलेला असल्यामुळे कुलपाचा सगळा भार पैसे भरणाऱ्यावर उरतो. तरीही मी तो मार्ग कोणाला सुचवणार नाही. असल्या फाइली चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक, सातबारे आणि बँकेची पासबुके स्कॅन होतात, तिथे अनोळखी माणसाने बनवलेली फाइल अशी मोकळी सोडणे मला पटत नाही. शिवाय प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो; नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते, पण दुकानाला ती पळवाट नाही. त्याच कायद्याच्या कलम ५२ ने रीतसर ग्राहकाला हानीपासून बचावासाठी प्रोग्रॅमची राखीव प्रत करून ठेवण्याची मुभा दिलेली आहे. ती प्रत माझ्याकडे पेन ड्राइव्हवर आहे, मात्र सर्व्हरने होकार दिल्याशिवाय ती चालत नाही.

जूननंतर आम्ही कामाची पद्धत बदलली. प्रत्येक मजकूर आधी साध्या युनिकोड फाइलमध्ये टाइप होतो आणि मांडणीसाठीच पॅकेजमध्ये जातो; तयार झालेल्या पानाची पीडीएफ त्याच दिवशी वेगळी साठवली जाते. दाखले, अर्ज आणि प्रश्नपत्रिका आता पूर्णपणे लिब्रेऑफिसमध्ये होतात, फ्लेक्सचे बरेच काम इंकस्केप या चित्रे काढण्याच्या मोफत प्रोग्रॅममध्ये जमू लागले आहे. लग्नपत्रिकांसाठी मात्र अजून पॅकेजच लागते, कारण त्यातली नक्षीदार अक्षरे आणि किनारी मोफत फॉन्टांत तेवढ्या सहज मिळत नाहीत. मदरबोर्डचा सेल दर उन्हाळ्याच्या तोंडी बदलायचा असे ठरवले आहे. तो बाजारात अगदी किरकोळ किमतीत मिळतो. संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी पॅकेजच्या मदत यादीतील ‘परवाना परत करा’ हे बटण दाबावे, म्हणजे वर्षाच्या दोन संधींपैकी एक वाया जात नाही. अर्थात वीज पडून बंद झालेल्या संगणकावर ते बटण दाबता येत नाही.

याच कंपनीची डाँगलची आवृत्तीही मिळते, हे विक्रेत्याने आम्हाला मदरबोर्ड जळाल्यानंतर सांगितले. त्यात परवाना यूएसबीला लावायच्या छोट्या कांडीत असतो, त्यामुळे इंटरनेट लागत नाही आणि यंत्र बदलले तरी कांडी काढून दुसरीकडे लावता येते. ती थोडी महाग आहे, हरवली तर नव्याने विकत घ्यावी लागते, पण खेड्यातल्या दुकानाला तीच सोयीची पडेल असे माझे मत झाले आहे. आमचा परवाना डाँगलवर बदलून देण्यासाठी कंपनीने मागितलेली रक्कम नव्या पॅकेजच्या निम्म्याहून जास्त आहे. आम्ही ती अजून भरलेली नाही.

घेऊ इच्छिणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून काही गोष्टी लेखी घ्याव्यात : ओळख कोणकोणत्या भागांवरून बनते, वर्षात किती वेळा परवाना मोकळा करून मिळतो, परवाना अडकला असताना जुन्या फाइली वाचता येतात की नाही, आणि उद्या कंपनीने सर्व्हर बंद केला तर ‘कायमचा’ परवाना कसा चालू राहील. हा शेवटचा प्रश्न कल्पनेतला नाही. फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीने डिसेंबर २०१२ मध्ये आपल्या सीएस२ या जुन्या संचाचे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा रीतसर ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी वेगळी प्रत उपलब्ध करून द्यावी लागली होती. आमच्या कंपनीला मी हा प्रश्न जुलैमध्ये ईमेलने विचारला. ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ असा उलट निरोप आला, त्यात एक क्रमांक होता, आणि त्यानंतर काही आलेले नाही.