पाण्यात बुडवून विकलेली कुंडीतली झाडे

माझ्या घरातील टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असून तिच्यात साधारण ५५ लिटर पाणी मावते. गेल्या पावसाळ्यात तिच्यातील प्लास्टिकची झाडे काढून जिवंत पाणवनस्पती लावायचे मी ठरवले आणि शोभिवंत माशांच्या एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानाचे नाव येथे देत नाही. हाच माल, याच नावांनी, मला नंतर आणखी तीन ठिकाणी दिसला.

मी पाच झाडे निवडली. जांभळ्या, सुरकुतलेल्या पानांचे एक, पांढऱ्या कडांच्या लांबट पानांची दोन, ‘वॉटर फर्न’ म्हणून दिलेले एक नाजूक झाड आणि एक ‘अ‍ॅक्वा बांबू’. पाचांचे मिळून ८५० रुपये झाले. ‘ही सगळी पाण्यातलीच ना?’ असे मी विचारले होते, आणि ‘पाण्यातच तर ठेवली आहेत’ या उत्तरावर समाधान मानून, बिल न घेताच घरी आलो.

पहिले पंधरा दिवस टाकी देखणी दिसत होती, आणि या फसवणुकीचे सारे बळ त्या पंधरा दिवसांत आहे. जमिनीवरचे झाड पाण्यात बुडवले म्हणून लगेच मरत नाही. त्याच्या पानांवर मेणासारखा थर असतो, हवेतून कार्बन डायऑक्साइड घेण्यासाठी त्याला रंध्रे म्हणजे सूक्ष्म छिद्रे असतात, आणि पाण्यात हा वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. झाडाची उपासमार पहिल्या दिवसापासूनच सुरू होते, पण साठवलेल्या अन्नावर ते काही आठवडे तग धरते. तोपर्यंत पैसे परत मागायची वेळ टळून गेलेली असते.

तिसऱ्या आठवड्यात पाने पारदर्शक होऊ लागली, तेव्हा मी दुकानात फोन केला. ‘काका, ते मेल्ट होतंय. नवीन पाण्यात असंच होतं, हात लावू नका,’ असे मला सांगण्यात आले. हे उत्तर धडधडीत खोटे असते तर मी सावध झालो असतो. ते अर्धे खरे होते. क्रिप्टोकोरायनसारख्या अस्सल पाणवनस्पती जागा बदलल्यावर पाने खरोखरच गाळतात आणि काही आठवड्यांनी मुळांपासून पुन्हा फुटतात. अनेक पाणवनस्पती रोपवाटिकांत पाण्याबाहेर वाढवल्या जातात, त्यांचीही जुनी पाने टाकीत आल्यावर कुजतात. मी हे वाचलेले होते, त्यामुळे विश्वास बसला आणि आणखी तीन आठवडे मी टाकीत हात घातला नाही.

अखेर एका सकाळी दोन निऑन टेट्रा मासे तळाशी मेलेले आढळले आणि उरलेले पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. मी जांभळ्या झाडाचे खोड चिमटीत धरले, तर वरची साल बाहीसारखी सरकून हातात आली आणि आतला दोरा तेवढा वाळूत राहिला. वास गटाराचा होता. पाण्याच्या तपासणीत अमोनिया १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) निघाला, जो शून्य असायला हवा. कुजणाऱ्या पानांतून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू माझ्या टाकीत होते, पण एवढा भार त्यांना पेलला नाही.

पुढच्याच आठवड्यात एका नर्सरीत तेच जांभळे झाड टांगत्या कुंडीत, ४० रुपयांना दिसले. ते हेमिग्राफिस होते. पांढऱ्या कडांचे क्लोरोफायटम, ‘वॉटर फर्न’ म्हणजे दमट सावलीत वाढणारी सेलाजिनेला, आणि ‘अ‍ॅक्वा बांबू’ म्हणजे भेटवस्तूंच्या दुकानातला लकी बांबू, ज्याचे खरे नाव ड्रॅसिना. तो बांबूही नव्हे आणि पाणवनस्पतीही नव्हे. दुकानदाराला हे ऐकवल्यावर ‘जिवंत मालाची गॅरंटी कोण देतो?’ एवढेच तो म्हणाला. बिल असते तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना हाती काही पुरावा तरी असता.

झाड घेण्यापूर्वी ते पाण्याबाहेर धरून पाहावे. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला किंवा कबोम्बा ओल्या चिंधीसारखी लोंबतात, कारण त्यांना उभे ठेवायचे काम पाणीच करते. मात्र अनुबियास, जावा फर्न आणि पाण्याबाहेर वाढवलेली रोपे ताठ राहतात, तेव्हा केवळ या परीक्षेवर विसंबू नये. शास्त्रीय नाव विचारावे, ते मोबाइलवर तपासावे आणि नाव सांगता येत नसेल तर झाड घेऊ नये. पांढरे पट्टे, चकचकीत जाड पाने आणि लाकडासारखे खोड दिसले तर अधिकच शंका घ्यावी. टाकीच्या तळाशी हिरवळ पसरवणारे म्हणून ऑनलाइन विकले जाणारे बी तर घेऊच नये. ते झटपट उगवते, आणि पाणी पूर्ण भरल्यावर त्याची गतही बहुधा माझ्या झाडांसारखीच होते.

आता टाकीत व्हॅलिस्नेरिया आहे आणि लाकडाला दोऱ्याने बांधलेली एक अनुबियास आहे, जिचे आडवे खोड वाळूत पुरले तर कुजते. त्या पाचांपैकी ड्रॅसिना तेवढी वाचली. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या पेल्यात उभी आहे, मुळे पाण्यात आणि पाने हवेत, आणि तिला तीन नवी पाने आली आहेत.