आजोबांची दुनळी आणि माझे ८७,२५० रुपये

आजोबांची बारा बोअरची इंग्रजी दुनळी बंदूक, बाहेरून घोडे असलेली, निजामाच्या अमलातल्या उर्दू परवान्यासह वडिलांकडे आली आणि पुढे वडिलांच्या नावावरही रीतसर परवाना झाला. गंगथडीच्या आमच्या रानात डुकरे हुसकावण्यापलीकडे तिचा कधी उपयोग झाला नाही. वडील गेल्यावर मी ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली, पावती घेतली आणि वारस म्हणून विक्रीच्या परवानगीसाठी अर्ज दिला. तो अर्ज सात महिने एका टेबलावरून हलला नाही. पुढे ही बंदूक विकायला जाऊन मी फोनवरच्या एका ठगाकडून ८७,२५० रुपयांना फसलो. ‘घाई केली म्हणून फसलात’ असे मला ऐकवणाऱ्यांनी आधी ते सात महिने मोजावेत.

भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी दुनळीचे फोटो टाकले होते. त्यांत नळीवरचा क्रमांक स्पष्ट दिसत होता, आणि हा मूर्खपणा तुम्ही करू नका. आठ दिवसांत हैदराबादच्या एका ‘संग्राहकाचा’ फोन आला. नळीवरच्या लहरींविषयी, घोड्यांवरच्या नक्षीविषयी तो इतक्या जाणतेपणाने बोलला की माझा संशय तिथेच मिटला. ‘काका, ही चीज अशी कुणाच्याही हाती देऊ नका,’ असे तोच मला बजावत होता. त्याने ३,६०,००० रुपये देऊ केले. त्यापूर्वी ना हरकत पत्रासाठी माझ्याकडून १८,५०० रुपये घेतले, वाहतूक परवान्याच्या नावाखाली २६,००० घेतले आणि शेवटी जुनेपणाच्या दाखल्यासाठी ४२,७५० घेतले, कारण म्हणे शंभर वर्षांच्या बंदुकीला परवाना लागतच नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मधली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला आहे, हे मी नंतर वाचले. आमची दुनळी आजही बार काढते. शेवटची रक्कम मी सोयाबीन शेतात उभे असताना अडत्याकडून उचल घेऊन भरली, आणि हे घरात अजून सगळ्यांना ठाऊक नाही.

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते सांगतो. त्याने पाठवलेल्या ना हरकत पत्रावर जिल्हाधिकारी कार्यालयाचा गोल शिक्का होता, सही होती आणि दिनांक होता १७ सप्टेंबर. त्या दिवशी सकाळी मी स्वतः मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन करून आलो होतो. त्या दिवशी कोणता लिपिक असली पत्रे काढत बसेल? पत्रावर जावक क्रमांकही नव्हता. मी बत्तीस वर्षे सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली, क्रमांक नसलेला कागद कधी टेबलाबाहेर जाऊ दिला नाही, आणि स्वतःच्या पैशांच्या वेळी मला फक्त शिक्का दिसला. शुल्क सरकारी चलनाने न भरता एका इसमाच्या खाजगी खात्यावर भरायचे होते, तेही मला खटकले नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘बंदूक कुठे आहे?’ जमा पावती दाखवली तरी तासभर मीच आरोपी असल्यासारखी चौकशी झाली आणि मग सायबर शाखेकडे बोट दाखवले गेले. सायबर शाखेने पुन्हा ठाण्याकडे पाठवले. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर मी तक्रार केली ती अकराव्या दिवशी, तोवर पैसे दुसऱ्या-तिसऱ्या खात्यांतून निघून गेले होते. हा फोन पहिल्या तासातच करा. बँकेने सांगितले की व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केला आहे. परवाना शाखेतल्या बाईंनी ‘आम्ही फोनवर पैसे मागत नाही’ एवढेच ऐकवले. माझ्या अर्जाचे काय झाले, हे विचारताच त्या जेवायला उठल्या. परवानाधारकाला स्वतःची बंदूक विकायची झाली तरी विकत घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते, ही अट तरी त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितली असती, तर ‘आठवड्यात व्यवहार उरकू’ म्हणणारा माणूस मी तिथेच ओळखला असता.

दुनळी अजून विक्रेत्याकडेच आहे आणि तिचे ठेवणावळीचे पैसे मी दरमहा भरतो. परवा आणखी एकाचा फोन आला. अडकलेले पैसे सोडवून देतो, फक्त ४,५०० रुपये भरा, असे तो म्हणत होता. त्याचा नंबर मी ठाण्यात लेखी दिला आहे. त्या अर्जाची पोच मला अद्याप मिळालेली नाही.