पिल्लांचे जुलाब थांबेनात तेव्हा या दवाखान्यात शी तपासून मिळाली

जुलैत आमच्या सोसायटीच्या पंपरूममध्ये मांजराची दोन पिल्लं सापडली. दोन दिवस वाट पाहिली, आई काही आली नाही. जेमतेम पाच आठवड्यांची असतील. भुरीचं नाव चिंगी ठेवलं, काळ्याचं गोट्या. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले ते महिनाभर. सासूबाई मायेने गाईचं दूध पाजत होत्या, ते आधी बंद केलं, कारण बऱ्याच मांजरांना ते पचत नाही. जंताचं औषध दोनदा देऊन झालं. दुसऱ्या एका दवाखान्यात तीनदा तेच कडू अँटिबायोटिक लिहून दिलं. पाजलं की चिंगीच्या तोंडाला फेस यायचा आणि गोट्या कपाटामागे जाऊन बसायचा. औषध चालू असेपर्यंत शी जरा बांधून यायची, संपलं की पुन्हा पिवळी, चिकट, उग्र वासाची. ती तपासायला मात्र तिथे कोणी मागितली नाही.

मग या दवाखान्यात आलो. इथे डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "ताई, शी आणलीय का?" नव्हती आणली. मग त्यांनी वजन केलं. चिंगी ५६० ग्रॅम. महिन्याला साधारण अर्धा किलो या हिशेबाने नऊ आठवड्यांच्या पिल्लाचं वजन ९०० च्या पुढे हवं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश खाली बसली, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालेलं. लगेच कातडीखाली सलाईन दिलं. मानेमागे लिंबाएवढा फुगा आला होता, संध्याकाळपर्यंत जिरला.

दुसऱ्या दिवशी डबीत ताजी शी घेऊन गेले. डॉक्टरांनी ती मिठाच्या दाट पाण्यात कालवली, गाळून नळीत काठोकाठ भरली आणि वर पातळ काच ठेवली. शीत परजीवींची अंडी असली तर ती हलकी असतात, तरंगून काचेला चिकटतात. पंधरा मिनिटांनी मायक्रोस्कोपखाली मलाही बघायला दिलं. लांबट, काचेसारखी पारदर्शक टरफलं, प्रत्येकात एकच गोल ठिपका. "हे कॉक्सिडिया, आतड्यात वाढणारा एकपेशी परजीवी. हा जंत नाहीच, म्हणून जंताचं औषध याला लागू पडत नाही. आणि ते अँटिबायोटिकही लागू पडत नाही." महिनाभर ज्याच्याशी झुंजत होतो ते डोळ्यांनी दिसलं तेव्हा मला रडू आलं.

वजनावरून मोजून टोल्ट्राझुरिल हे कॉक्सिडियावरचं औषध दिलं. गोट्या आठवड्यात सुधारला, चिंगी नाही. इथेच या डॉक्टरांबद्दलचा माझा विश्वास पक्का झाला. औषध बदलून बघू असं न म्हणता त्यांनी तीन वेगवेगळ्या दिवसांची शी मागितली, कारण जिआर्डिया हा आतड्यातला दुसरा परजीवी रोजच्या रोज शीतून पडत नाही. तिसऱ्या नमुन्यात तो सापडला. मग त्यावर फेनबेन्डाझोल हे औषध पाच दिवस, आणि दोघांनाही, कारण ट्रे एकच. (डोस इथे लिहीत नाही. एवढ्याशा जिवांत शंभर ग्रॅमनेही फरक पडतो, आपल्या पिल्लाचं वजन करूनच घ्या.)

घरी काय करायचं हेही नीट समजावलं. कॉक्सिडियाची ताजी शी लगेच लागण करत नाही, त्याला काही तास ते एक-दोन दिवस लागतात. म्हणून ट्रे सकाळ-संध्याकाळ साफ करायचा आणि ट्रे, वाट्या उकळत्या पाण्याने धुवायच्या. ब्लीचने ती टरफलं मरत नाहीत, आणि फिनेल तर मांजरांना विषारी. आमच्याकडे रोज फिनेलनेच लादी पुसत होते! बुडाजवळची लाल झालेली कातडी कोमट पाण्याच्या कापसाने टिपायची, घासायची नाही, हेही डॉक्टरांनी स्वतः करून दाखवलं.

खर्च: एका तपासणीचे ३०० रुपये, तिसऱ्या नमुन्याचे त्यांनी घेतलेच नाहीत. गैरसोय म्हणाल तर ताटकळावं लागतं, एकदा आम्ही दीड तास बसलो. मांजरांना वेगळी जागा नाही. शेजारी लॅब्रॅडोर भुंकला की चिंगी पिशवीत थरथरायची. पिंजऱ्यावर ओढणी टाकून न्या. इथे हे त्यांनी खरंच सुधारायला हवं.

चिंगी काल १ किलो ३४० ग्रॅम भरली. शी घट्ट, तपकिरी, दिवसातून दोनदा. शनिवारी संध्याकाळी नमुना नेऊ नका, रविवारी दवाखाना बंद असतो. सोमवारी सकाळी ताजा घेऊन जा, डबीवर पिल्लाचं नाव आणि तारीख घालून.