मातीची तिमजली खतकुंडी : सव्वा वर्ष वापरल्यानंतर

धनकवडीत दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे. स्वयंपाकघराला लागून चिंचोळी बाल्कनी, तीत सासूबाईंची तुळस आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. घरात चार माणसं, शिवाय मी आठ डबे देते. पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर. त्यामुळे भाजीची देठं, दुधीची सालं, मटारच्या शेंगांची टरफलं आमच्याकडे इतर घरांपेक्षा जास्तच निघतात. घरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करायची ही खतकुंडी मी गेल्या वर्षी फेब्रुवारीत घेतली. घेण्याआधी बरेच अभिप्राय वाचले होते, पण सगळे पहिल्या महिन्यातले. पावसाळ्यात काय होतं ते कुणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून एक पावसाळा आणि दोन उन्हाळे काढून मग लिहितेय.

घेतली का, ते आधी सांगते. आमच्याकडे कचरा न्यायला ‘स्वच्छ’च्या ताई येतात. ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था, 2008 पासून पुण्यात दारोदार कचरा गोळा करते. जानेवारीत एका सकाळी ताईंनी आमची बादली उपडी केली, हाताने सालं बाजूला सारली आणि चटकन हात मागे घेतला. दाढीचं ब्लेड होतं. आमच्याच घरातलं, ओल्या कचऱ्यात टाकलेलं. अंगठ्याखाली चांगलंच कापलं होतं. मी धुऊन पट्टी बांधली, दवाखान्यात चला म्हणून मागे लागले. त्या म्हणाल्या, “वहिनी, दोन सोसायट्या राहिल्यात अजून. त्या झाल्या की जाते.” दुपारी त्यांनी इंजेक्शन घेतल्याचं कळेपर्यंत माझं कशात लक्ष लागलं नाही. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगवेगळा द्यायचा हे 2016 च्या घनकचरा नियमांपासूनच आहे. मला ते माहीत होतं. तरी घाईत सगळं एकाच बादलीत जात होतं.

म्हणून आमच्या सालीदेठांत दुसऱ्या कुणाला हात घालावा लागू नये, एवढंच मनाशी धरून मी कुंडी शोधायला लागले.

वस्तू अशी आहे : भाजलेल्या मातीचे तीन माठ एकावर एक. वरच्या दोघांना बुडाच्या जागी दोरीची जाळी, खालच्याला बंद बूड. बाजूंना बोटभर भोकं आणि वर मातीचं झाकण. रोजचा कचरा सगळ्यात वरच्या माठात टाकायचा. तो भरला की मधल्या जागी ठेवायचा आणि मधला रिकामा वर घ्यायचा. मधल्यात कचरा मुरतो, बसतो, आणि अर्धवट झालं की खालच्यात ओतायचं. मला तिन्ही माठ 3,400 रुपयांना पडले, घरपोच करायचे 150 वेगळे.

तक्रारी आत्ताच सांगून टाकते. खालचा माठ आला तोच तडकलेला होता. बदलून मिळाला, पण तीनदा फोन करावे लागले आणि अकरा दिवस गेले. घेणाऱ्यांनी माणूस दारात असतानाच प्रत्येक माठ वाजवून बघावा. खणखणीत वाजला तरच घ्यावा. दुसरं म्हणजे जाळीची दोरी. पावसाळा संपता संपता ती सैल पडून मधोमध फुगली. मी नायलॉनची जाड दोरी आणून परत विणली, सत्तर रुपयांत काम झालं. तिसरी गोष्ट वजनाची. भरलेला माठ एकट्या बाईने उचलू नये. आम्ही दोघं मिळून हलवतो.

आणि हो, कुंडीबरोबर दिलेल्या पत्रकात चार माणसांच्या घराला वरचा माठ महिनाभर पुरतो असं लिहिलंय. आमच्याकडे डब्यांमुळे तो सोळा-सतरा दिवसांत भरला. मी महिनाभर रोज वजन करून वहीत लिहिलं, बेरीज आली 39 किलो. एवढं एका कुंडीला झेपत नाही. मी दुसरी कुंडी घेतली नाही, रंगाच्या रिकाम्या वीस लिटरच्या बादल्या घेतल्या, सळी तापवून भोकं पाडली आणि अर्धवट मुरलेला माल त्यांत काढायला लागले. खत त्यांतही तसंच होतं. पैशांची अडचण असेल तर नुसत्या बादलीने सुरुवात करा, काही बिघडत नाही. मातीचा फायदा एवढाच की माठाच्या अंगातून ओल बाहेर जाते. प्लॅस्टिकमध्ये ती आतच राहते, म्हणून वाळका पाला जास्त घालावा लागतो.

खरं काम पाल्याचंच आहे. विकणारा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि ‘कल्चर’ची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची, पाकिटं देतो. पहिली पाकिटं संपल्यावर मी परत आणली नाहीत. आंबट ताकात गुळाचा खडा विरघळवून आठवड्यातून एकदा शिंपडते, तेवढं विरजण पुरतं. पण वाळका पाला रोज लागतो. एक वाटी सालं टाकली की त्यावर निदान वाटीभर पाला. आमच्या रस्त्यावर पर्जन्यवृक्ष आहेत, त्यांची पानं बारीक असल्यामुळे लवकर कुजतात. आंब्याची, वडाची पानं चुरावी लागतात, नाहीतर महिनोन्‌महिने तशीच राहतात. झाडणारे काका हा पाला कोपऱ्यात जाळायचे. आता दर शनिवारी एक पोतं माझ्यासाठी बाजूला ठेवतात, आणि ज्या दिवशी मी नेत नाही त्या दिवशीही जाळत नाहीत.

माझा रोजचा क्रम सांगते. भाजी निवडताना शेजारी स्टीलचं पातेलं असतं. जाड देठं तिथेच विळीवर दोन-तीन तुकडे करून टाकते. गाळलेल्या चहाचा चोथा आधी पाण्यातून काढते, साखर राहिली तर मुंग्या येतात. अंड्याची टरफलं चुरडते. नारळाची करवंटी, आंब्याची कोय, तेलकट रस्सा कुंडीत जात नाही. मुळात उरलेलं शिजवलेलं अन्न मी टाळतेच. लिंबाच्या साली थोड्याच घालते, जास्तीच्या लोणच्याला. दुपारी डबे गेले की पातेलं रिकामं करायचं, वर पाला पसरायचा आणि काठीने खालपर्यंत ढवळायचं. घड्याळ लावून बघितलं, चार मिनिटं लागतात. ही चार मिनिटं रोज द्यायची तयारी नसेल तर ही वस्तू घेऊ नका. चार दिवस पाला घातला नाही की कुंडी वासाने लगेच सांगते.

हा वास ओळखायला शिकावं लागतं. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा आला तर हिरवं, म्हणजे ओली सालं-देठं, जास्त झालं, पाला कमी. कुजका, आंबट आला तर पाणी जास्त झालंय, आत हवा नाही. मूठभर माल हातात घेऊन दाबायचा. बोटांतून एखादा थेंब दिसला तर बरोबर, धार लागली तर ओलं. जुलैमध्ये माझी धार लागली होती. चिलटांनी बाल्कनी भरली, आणि एक दिवस झाकण उघडलं तर आत तांदळाच्या दाण्यांपेक्षा मोठ्या, करड्या-पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या, शेकड्यांनी. सासूबाई म्हणाल्या, “तुळशीपाशी हे नको गं.” त्यांचं चुकीचं नव्हतं. मी स्वतः दोन दिवस झाकण उघडलं नाही. मग शेतीकडे असलेल्या माझ्या भावाला फोटो पाठवला. तो म्हणाला, या ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या आहेत, चावत नाहीत, रोग आणत नाहीत, उलट कचरा झपाट्याने खातात. मात्र एवढ्या झाल्या म्हणजे ओल जास्त आहे. मी दोन घमेली पाला आणि चुरलेला पुठ्ठा मिसळला, उघडीप असेल तेव्हा दोन-दोन तास झाकण काढून ठेवलं आणि पागोळ्या लागत होत्या तिथून कुंडी आतल्या भिंतीकडे सरकवली. नऊ-दहा दिवसांत अळ्या गेल्या. चिलटं कमी व्हायला मात्र पोळा उजाडला.

पहिलं खत निघायला तीन महिने लागले. मे महिन्यात खालचा माठ जुन्या कागदावर उपडा केला. काळपट तपकिरी, हाताला भुसभुशीत, मधूनच एखादं न कुजलेलं देठ. वळवाचा पाऊस पडल्यावर माती जशी वास देते, अगदी तसा वास. पिठाच्या जुन्या चाळणीतून चाळलं, वरचं राहिलेलं परत वरच्या माठात. पाच किलोच्या आसपास भरलं. सासूबाई बराच वेळ ते बोटांत धरून बघत होत्या, आणि पहिली ओंजळ त्यांनीच तुळशीला घातली. आता मला यायला उशीर झाला तर त्याच विचारतात, “अगं, पाला घालून ठेवू का?”

ताई आता आमच्याकडून फक्त सुका कचरा नेतात. सुका माल विकून जे पैसे येतात ते त्यांचे, आणि सालीने बरबटलेल्या पिशव्यांना भाव मिळत नाही. म्हणून दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून देते. ब्लेड जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, चिकटपट्टी लावून वेगळी. सॅनिटरी पॅड कागदात बांधून त्यावर लाल ठिपका. गेल्या आठवड्यात त्यांनी पिशवी उघडून न बघताच गाडीत टाकली.

नवीन घेणाऱ्यांना एक सांगायचंय. पाऊस सुरू झाल्यावर घेऊ नका, वाळका पाला मिळणार नाही आणि पहिल्याच महिन्यात कंटाळाल. उन्हाळ्यात घेतली तरी आधी पाला भरून ठेवा. पावसाळ्याच्या चार महिन्यांना मला सहा पोती लागतात. यंदा आठ भरलीत, जिन्याच्या वळणावर उभी आहेत. त्यातली दोन समोरच्या काकूंची. त्यांनी परवा रंगाची बादली आणून ठेवलीय, उद्या दुपारी भोकं पाडायला सळी घेऊन जायचंय.